घरातील मारझोड आणि आपली मुलं

(वर्षावास प्रवचनमालेत विहारात केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला होता, ‘आजचा तरुण आणि चळवळ’. विषय चांगलाच आहे. पण तरुण काही आभाळातून पडत नाही. तो आधी पोर असतो, आणि ते पोर दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेलं असतं. त्या खोलीत रात्री काय चालतं, यावर तो पुढे कसा तरुण होणार हे बरंचसं ठरतं. म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन आम्ही विषय थोडा मागे नेला आहे. घरात जी मारझोड आणि शिवीगाळ चालते तिचा मुलांच्या मनावर व वागण्यावर काय परिणाम होतो, यावर आज बोलायचे आहे.

काही जणांना वाटेल, हे विहारात कशाला? घरातली गोष्ट घरात राहू द्यावी. आमचे म्हणणे असे की, आपल्या चाळीत घरातली गोष्ट घरात राहतच नाही. मधली भिंत एका विटेची, गॅलरी सामाईक. कुणाकडे आज सुकट भाजली ते चौथ्या खोलीला कळते, मग कुणाकडे आज पोराला पट्ट्याने मारले ते कळत नाही काय? कळते. सगळ्यांना कळते. आपण टी.व्ही.चा आवाज मोठा करतो, एवढेच.

आम्ही डॉक्टर नाही, प्रोफेसर नाही. गिरणीच्या साचेखात्यात पाळ्या करता करता जे वाचता आले ते वाचले आणि अभ्यासिकेत पोरांबरोबर बसून जे दिसले ते पाहिले. त्या दोन्हींतून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

मारझोड म्हणजे काय?

मारझोड म्हटली की डोळ्यांपुढे छडी, पट्टा, लाटणे येते. ते तर आहेच. पण पोराला रोज “तू पैदाच कशाला झालास” म्हणून हिणवणे, पाहुण्यांसमोर त्याची अब्रू काढणे, रात्री दाराबाहेर उभे करणे, उपाशी झोपवणे, शेजारच्या पोराशी तुलना करून ‘बिनकामाचा’ ठरवणे, मुलीला परक्याचे धन समजून भावाच्या ताटापेक्षा तिचे ताट हलके ठेवणे, हेही त्यातच येते. आणि ज्याला आपण मारझोड समजतच नाही ते म्हणजे पोराच्या देखत त्याच्या आईला मारणे. बाप छातीठोक सांगतो, “मी पोराला बोटसुद्धा लावलं नाही.” नसेल लावले. पण कोपऱ्यात गोधडीत डोळे मिटून पडलेले पोर जागे असते. आईला बसलेला फटका त्याला ऐकू येतो, आणि उठून तिला सोडवता येत नाही याची लाज ते मनात घेऊन झोपते.

सन २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने मुलांवरील अत्याचारांचा एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. आपल्या महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो तयार केला होता. त्यात दर तीन मुलांमागे दोघांनी सांगितले की, आम्हाला मार बसतो. ज्यांना घरात मार बसला त्यांतल्या १०० पैकी जवळजवळ ८९ मुलांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. मुलांच्या अंगाशी घाणेरडे चाळे करणाऱ्यांतही निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले निघाले.

हा अहवाल काही एका वस्तीचा नाही. तेव्हा कोणी आपल्याकडे बोट दाखवून “तुमच्या वस्तीत असंच चालतं” म्हणाला, तर त्याला हे आकडे दाखवावेत. पण दुसऱ्याच्या घरातही केर आहे म्हणून आपल्या घरातला काढायचा नाही, असे होत नाही.

मुलात काय होते?

रस्त्याने चालताना कुत्रा अंगावर धावून आला तर आपल्याला काय होते? छाती धडधडते, हातपाय ताठतात, तोंडाला कोरड पडते. धोक्यातून पळता यावे, लढता यावे म्हणून शरीर तशी रसायने सोडते. कुत्रा निघून गेला की थोड्या वेळात शरीर निवते. ही निसर्गाची सोय आहे आणि ती चांगली आहे.

पण तो कुत्रा रोज रात्री दहा वाजता घरातच येत असेल तर? मग पोर साडेनऊपासून जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून बसते. आज चप्पल नीट वाजते की फरपटत येते, यावरून रात्र कशी जाणार हे त्याला कळते. वर्षानुवर्षे असे चालले की शरीर निवायचे विसरते. मेंदूचा जो भाग धोका ओळखतो तो सदाचा जागा राहतो. आणि जो भाग थांबून विचार करतो, राग आवरतो, धडा लक्षात ठेवायला मदत करतो, तो लहानपणी अजून वाढत असतो. त्याच्या वाढीला मार बसतो. हे डॉक्टर लोकांनी अभ्यासून सांगितलेले आहे.

हेच पोर सकाळी शाळेत जाते. बाई फळ्यावर अपूर्णांक शिकवतात. त्या म्हणतात, याचं लक्ष नाही. लक्ष असते हो, पण ते फळ्याकडे नसते. बाईंचा आवाज कधी चढतो, बाजूचा पोरगा कधी हात उगारतो, याकडे असते. अभ्यासिकेत एक मुलगा येत असे. आम्ही फळ्यावर लिहायला हात वर केला की तो मान खाली घालून डोक्यावर हात आडवा धरायचा. आम्ही त्याच्यावर कधी रागावलोसुद्धा नव्हतो. त्याचा हात आपोआप वर जायचा.

लहान पोरांत ही भीती वेगळ्या वाटेने बाहेर येते. सात-आठ वर्षांचे पोर पुन्हा अंथरूण ओले करू लागते. बोलताना अडखळते, नखे कुरतडते, झोपेत ओरडते. शाळेत जायच्या वेळी पोटात दुखते आणि डॉक्टरांना पोटात काही सापडत नाही. आमच्या काही घरांत अशा वेळी गपचूप मीठमोहरी ओवाळतात, गंडादोरा आणतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात! बाहेरची बाधा शोधायला निघतात, आणि बाधा घरातच जेवायला बसलेली असते.

मोठी पोरं दोन वाटांनी जातात. काही भांडखोर होतात. लहानांना मारतात, वर्गात उलट बोलतात, खोटे बोलतात, शाळा चुकवून नाक्यावर बसतात, पुढे गुटखा, दारू, आणखी काय काय. घरात त्यांनी एकच पाठ घोकलेला असतो की, ज्याचा हात मोठा त्याचे खरे. तोच पाठ ती बाहेर म्हणून दाखवतात. काही पोरं, त्यातही मुली, उलट्या आत आत जातात. बोलणे कमी, खाणे कमी, मैत्रिणी नाहीत. मग सोळाव्या वर्षी जो कोणी पहिल्यांदा गोड बोलेल त्याच्यामागे घर सोडून जाते, आणि आपण म्हणतो, “पोरगी वाया गेली.” तिला त्या घरात काय मिळत होते, हे कोणी विचारत नाही.

आणखी एक प्रकार आहे, तो आपल्या लक्षातच येत नाही. फार गुणी मुलगी. दहा-अकरा वर्षांची. स्वयंपाक करते, धुणे करते, बापाची पावले वाजली की धाकट्यांना गॅलरीत घेऊन जाते, आईच्या कपाळाला हळद लावते. सगळी चाळ कौतुक करते, “पोरगी किती समजूतदार!” अहो, त्या पोरीला खेळायला सवड नाही. ती घरातला पोलीस आहे, नर्स आहे, वकील आहे. मूल मात्र ती राहिलेली नाही. वरून शांत दिसणाऱ्या अशा मुलांकडे आधी पाहावे.

एखादे पोर “मला जगायचं नाही” म्हणाले, तर त्याला नाटकी म्हणून हसण्यावारी नेऊ नका. अशा शब्दांना त्याच दिवशी उत्तर द्यावे लागते.

गिरणीत कापडावर दोष दिसला तर कोणी कापडाला शिव्या देत नाही. आधी मागाकडे बघतात, तिथे नसेल तर सुताकडे, सुतातही नसेल तर कापसाकडे. पोराच्या बाबतीत मात्र आपण कापडालाच झोडपतो. पोर बिघडले म्हणून मारतो, मारल्याने ते आणखी बिघडते, म्हणून आणखी मारतो.

लहानपणीचा मार मोठेपणी कुठे निघतो

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या दोन डॉक्टरांनी एक अभ्यास केला. १९९५ ते १९९७ या काळात १७ हजारांहून अधिक प्रौढ माणसांना विचारले की, तुमच्या लहानपणी घरात काय काय घडले? मार, अपमान, आईला मारहाण, दारुडा माणूस, तुरुंगात गेलेला माणूस, असे प्रश्न होते. पहिले निष्कर्ष १९९८ साली आले. ज्यांच्या घरात यांतल्या चार किंवा अधिक गोष्टी घडल्या होत्या, त्यांच्यात दारूचे व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण, ज्यांच्या घरात काहीच घडले नव्हते त्यांच्यापेक्षा ४ ते १२ पट होते. ही माणसे दरिद्री नव्हती, विमा असलेली, दवाखान्यात तपासणीला येणारी होती. म्हणजे पैसा आला की लहानपणचा मार पुसला जातो, असे नाही.

पण हे ऐकून कोणी असे समजू नये की, मार खाल्लेले पोर वाया जाणारच. गेल्या जन्मीचे कर्म आणि ललाटरेषा बाबासाहेबांनी आपल्या डोक्यातून काढून टाकली, ती आपण आकडेवारीच्या नावाने परत आणायची नाही. असेच दिवस काढून कितीतरी पोरं चांगली शिकली, चांगली माणसं झाली. या विषयाचे जाणकार सांगतात की, अशा मुलाला एक जरी भरवशाचा मोठा माणूस मिळाला तरी फार फरक पडतो. आजी असेल, शाळेतल्या बाई असतील, शेजारची काकू असेल, अभ्यासिकेतला दादा असेल. आपले काम तिथून सुरू होते.

माणूस घरात का मारतो?

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. पगार थांबला, घरातली तांब्यापितळेची भांडी गेली, आयांचे डोरले गेले. बाप माणसे गॅलरीत नुसती बसून राहू लागली, आणि अंधार पडला की गुत्त्याकडे वळू लागली. मागणीपत्रकात पगार होता, बोनस होता, बदली कामगारांचा प्रश्न होता. त्या रात्री पोरांनी खोल्यांमधून काय सोसले, ते कुठल्या मागणीपत्रकात नव्हते. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या, जागी टॉवर आले. कामगाराची पोरं कंत्राटी झाली. वॉचमन, कुरिअर, हाउसकीपिंग. नोकरी उद्या आहे की नाही याची खात्री नाही. हे सगळे खरे आहे आणि याविरुद्ध लढले पाहिजे.

पण त्याच संपात, त्याच मजल्यावर, दुसरा कामगारही बेकार झाला होता. त्याने हातगाडी लावली, केळी विकली, आणि बायकापोरांवर हात उचलला नाही. गरिबी सगळ्यांना होती. मारझोड सगळ्या घरांत नव्हती. तेव्हा गरिबीने राग येतो, हे मान्य. तो राग कोणावर काढायचा हे गरिबी ठरवत नाही.

माणूस म्हणतो, दारू चढली म्हणून मारले. मग तीच दारू चढलेली असताना तो मुकादमाला का मारत नाही? शेटला का मारत नाही? नाक्यावरच्या हवालदारासमोर कसा नरम होतो? दारूतही त्याला बरोबर कळते की, कोणाला मारले तर चालते.

इथे बाबासाहेबांची शिकवण आठवावी. जातिव्यवस्था म्हणजे श्रेणीबद्ध विषमता, असे ते सांगत. वरच्याने लाथ मारायची, खालच्याने ती सोसायची आणि आपल्याहून खालचा शोधून त्याला मारायची. म्हणून तर ही शिडी इतकी वर्षे टिकली. आता विचार करा. साहेबाचा अपमान गिळून माणूस घरी येतो आणि बायकोला मारतो. बायको मोठ्या पोराला बडवते. मोठे पोर धाकट्याला. धाकटे जिन्याखालच्या मांजराला दगड मारते. हीच ती शिडी! आपण ती गावाच्या वेशीवर नाकारली, चवदार तळ्यावर नाकारली, दीक्षाभूमीवर नाकारली, आणि खोलीचे दार लावून आत पुन्हा उभी केली. सगळ्यात खालच्या पायरीवर आपलेच पोर बसवले.

म्हणून आम्ही म्हणतो, घरातली मारझोड हा बाजूचा, बायकांचा विषय नाही. तो चळवळीचा विषय आहे.

“आम्ही मार खाल्ला, आम्ही काय बिघडलो?”

हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकू येते. त्याला आमचे उत्तर साधे आहे. तुम्ही मार खाऊन नीट झाला नाहीत, मार खाऊनही नीट राहिलात. त्याचे श्रेय पट्ट्याला नाही. आणि खरेच नीट राहिलो का, हे ज्याने त्याने रात्री उशीवर डोके टेकल्यावर स्वतःला विचारावे. बापाचे नाव निघाले की मनात काय येते? आदर, की पोटात गोळा?

दुसरे म्हणतात, रामजी सुभेदार कडक होते म्हणून भीमराव घडले. कडक होते, पण कसे? परळच्या एका खोलीत बिऱ्हाड. पोराला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला अभ्यासाला उठवायचे आणि आपण आडवे व्हायचे. पोराला पुस्तक हवे म्हणून लग्न झालेल्या मुलीकडून उसने आणायचे, दागिना गहाण ठेवायचा. ही शिस्त आहे. या शिस्तीत बापाची स्वतःची झोप जाते. पट्टा काढायला काय लागते? झोपही मोडावी लागत नाही.

तिसरे म्हणतात, मग काय पोरांना डोक्यावर बसवायचे? बिलकूल नाही. नियम असावेत, ते आधी सांगावेत, मोडले तर काय होईल तेही सांगावे आणि तसेच करावे. आज खेळ बंद, टी.व्ही. बंद, मोबाईल बंद, सांडलेले स्वतः पुसायचे. मार खाऊन पोर एवढेच शिकते की, बाप नसताना करायचे. एका अर्थी मारणे हा शिस्तीचा आळस आहे.

धम्म काय सांगतो?

राहुलाला खोटे बोलू नये हे शिकवायचे होते, तेव्हा तथागतांनी काय केले? हात धुवायच्या भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले आणि ते त्याला दाखवले. मग ते ओतून दिले, भांडे पालथे केले, रिकामे दाखवले, आणि जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणपण असेच रिकामे होते, हे समजावले. पुढे आरशाचा दाखला दिला की, कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर, तिने स्वतःला किंवा दुसऱ्याला दुःख होते का ते तपासावे. मुलाला शिकवायला एक भांडे आणि थोडे पाणी पुरले.

राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुणाची गोष्ट आपण इथेच वाचली आहे. तो सहा दिशांना नमस्कार करीत होता. तथागतांनी त्याला सांगितले की, पूर्व दिशा म्हणजे आईवडील, पश्चिम म्हणजे पत्नी, आणि प्रत्येक दिशेला कर्तव्ये दोन्ही बाजूंनी असतात. आईवडिलांनी मुलाला वाईटापासून परावृत्त करावे, चांगल्याकडे वळवावे, विद्या शिकवावी, योग्य जोडीदार पाहावा, वेळेवर वारसा द्यावा. नवऱ्याने बायकोचा मान राखावा, अपमान करू नये. या यादीत काठी कुठेही नाही. धम्मपदात तर दंडवग्ग नावाचा स्वतंत्र वर्गच आहे. दंडाला सगळेच भितात, आपल्यावरून दुसऱ्याचे ओळखावे आणि कोणाला मारू नये, असा त्याचा आशय आहे. ‘सगळे’ म्हटले की त्यात आपले पोरही आले.

बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, दारू न पिण्याचीही आहे. आणि २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मायभगिनींना सांगितले होते की, मुलांच्या मनातला न्यूनगंड काढून टाका, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा जागवा. जो न्यूनगंड त्यांनी काढायला सांगितला, तो आपण रोज शिवीगाळ करून पुन्हा भरत असू, तर सायंकाळी वंदना म्हणून काय उपयोग?

कायदा काय म्हणतो?

पोर हे आईबापाच्या मालकीची वस्तू नाही. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने शाळेत मुलाला मारणे व मानसिक छळ करणे बंद केले. बाल न्याय कायदा २०१५ चा. त्याच्या कलम ७५ प्रमाणे, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याच्याशी क्रूरपणे वागल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात बाईला त्याच घरात राहण्याचा हक्क आहे आणि स्वतःसाठी व मुलांसाठी संरक्षणाचा आदेश मागता येतो. पुष्कळ भगिनी तक्रार म्हटली की घर मोडेल, रस्त्यावर येऊ, म्हणून घाबरतात. त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मुलांवरील लैंगिक अत्याचाराचा कायदा, ज्याला पोक्सो म्हणतात, तो २०१२ चा. त्यात असा गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे. तेव्हा अशा प्रकरणात चाळ कमिटीने, विहार समितीने किंवा नातेवाइकांनी बसून मिटवामिटवी करायची नाही. पैसे देऊन, माफी मागायला लावून, लग्न लावून देऊन, कशानेही नाही. ते प्रकरण आपल्या अखत्यारीतलेच नाही.

आपण काय करायचे?

आईबापांना सांगणे असे की, राग आला तर पाच मिनिटे गॅलरीत जाऊन उभे राहा. हात उचलला गेला असेल तर पोराला जवळ घेऊन “माझं चुकलं” म्हणा. त्याने बापपण कमी होत नाही. आणि पोराशी रोज दहा मिनिटे अशी बोला, ज्यात मार्कांचा विषय नाही.

शेजाऱ्यांना सांगणे असे की, आवाज आला तर टी.व्ही. मोठा करू नका. दार ठोठवा. भांडायला जाऊ नका, वाटी घेऊन साखर मागायला जा. पुष्कळदा तेवढ्यानेच उगारलेला हात खाली येतो. जिवाला धोका वाटला तर ११२ लावा.

एखाद्या पोराने विश्वासाने काही सांगितले तर पूर्ण ऐका. “खोटं बोलतोस” म्हणू नका, पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. “कोणाला सांगणार नाही” असे वचन देऊ नका, कारण मदत मिळवायची तर कोणाला तरी सांगावे लागेल. पण त्याला एवढे जरूर सांगा की, यात तुझा दोष नाही. आणि मारणाऱ्याच्या समोर नेऊन त्याची खातरजमा करू नका. ते पोर रात्री त्याच घरात झोपणार आहे. मुलांसाठी १०९८ हा फोन रात्रंदिवस चालू असतो. मोठ्यांना किंवा मुलांना मनाचा त्रास असेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते. भगिनींसाठी १८१ आहे. पोलीस ठाण्यांत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष आहेत, त्याची सुरुवात मुंबईत १९८४ साली झाली. दारू सोडायची इच्छा असलेल्यांसाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा होतात, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. व्यसन हा आजार आहे, त्याला उपचार आहे. पण उपचार सुरू होईपर्यंत पोराने मार खात राहावे, असा त्याचा अर्थ नाही.

आता विहाराबद्दल. आम्ही समितीपुढे चार सूचना ठेवतो, आणि त्या स्मरणिकेत छापाव्यात अशी विनंती करतो, म्हणजे पुढच्या वर्धापनदिनी विचारता येईल की, काय झाले.

एक, प्रत्येक चाळीत दोन-तीन घरे ठरवावीत, जिथे रात्री कोणतेही पोर किंवा माय दार वाजवून आत येऊ शकेल. कोणाची घरे, ते महिला मंडळाने ठरवावे आणि मुलांना सांगून ठेवावे.

दोन, भीमजयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करावा आणि त्या पैशात महिन्यातून दोनदा अभ्यासिकेत प्रशिक्षित समुपदेशक बोलवावा. बाबासाहेबांना कोणती मानवंदना आवडली असती, हे आम्ही सांगायला नको.

तीन, बाप माणसांची स्वतंत्र बैठक घ्यावी. आजवर हा विषय निघाला की आपण भगिनींना बोलावतो आणि सहन करायचे किंवा समजून घ्यायचे सांगतो. ज्याचा हात उठतो त्याला कोणी बोलावत नाही.

चार, आणि ही थोडी कडू आहे. जो घरात बायकापोरांवर हात उचलतो त्याला विहारात पद देऊ नये, स्टेजवर बसवू नये. विहाराचे दार मात्र त्याला बंद करू नये. दार बंद केले तर तो घरी जाऊन त्याचाही राग तिथेच काढेल. त्याने खाली सतरंजीवर बसावे, ऐकावे, बदलावे, आणि बदलला हे त्याच्या घरच्यांनी सांगितले की मग सन्मानाने वर यावे. तथागतांनी अंगुलिमालालासुद्धा जागा दिली होती. पण आधी त्याने शस्त्र टाकले होते.

पोरांनो, शेवटचे तुमच्यासाठी. घरात जे चालते ते तुमच्यामुळे चालत नाही. तुम्ही जास्त मार्क आणले असते, कमी मस्ती केली असती, तर बाप प्यायला नसता, आईला मार बसला नसता, असे ज्याला वाटते त्याने ते मनातून काढून टाकावे. मोठ्यांच्या हाताला मोठेच जबाबदार असतात. अभ्यासिका रोज संध्याकाळी सातला उघडते आणि दहापर्यंत उघडी असते. ज्याला घरी जाववत नाही त्याने कुलूप लागायच्या आधी किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला सांगावे. कारण सांगितलेच पाहिजे, असे नाही.



जय भीम! नमो बुद्धाय!